स्वयंपाकघरातला पंखा

कोथरूडला बस जिथे वळून परत जायची, तिथून पुढे दहा मिनिटं चाललं की आमचं घर यायचं. दोन खोल्या, वर पत्रा, मागे न्हाणीघर आणि त्याच्या दारात तांब्याचा बंब. पुढच्या खोलीत माणसांपेक्षा सागवानी पट्ट्या जास्त. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, कॉटखाली आडव्या, आणि पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून चक्क कॉटवर. पाहुणा आला की आधी पट्ट्या उचलायच्या आणि मग त्याला बसवायचं. नाना, म्हणजे माझे वडील, इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टर होते. त्यांचं लायसन्स काचेच्या चौकटीत घालून देवांच्या शेजारी लावलेलं होतं. आई सकाळी देवांना फूल वाहताना एक फूल त्या चौकटीवरही ठेवायची. नाना म्हणायचे, अगं ते सरकारी आहे, त्याला फुलं चालत नाहीत. ती तरी ठेवायची.

त्या काळी घरातलं वायरिंग भिंतीच्या अंगावर असायचं, हे आता मुलांना सांगावं लागतं. लाकडी पट्टी भिंतीवर मारायची, पट्टीवर पत्र्याच्या छोट्या क्लिपा, आणि क्लिपांच्या कवेत वायर. त्या क्लिपा आधी पट्टीवर ठोकून घ्याव्या लागत, आणि ते काम आमच्या घरी दुपारी चाले. जेवणं उरकली, भांडी पालथी घातली की आई आणि मी सतरंजीवर बसायचो. मध्ये पट्टी, हातात लहान हातोडी. चार बोटांवर एक क्लिप, क्लिपेला एक बारीक खिळा. आई पाच-सहा खिळे ओठांत धरायची आणि एकेक काढून ठोकायची. रेडिओवर गाणी लागलेली असायची आणि हातोडी आपोआप ठेक्यात पडायची. तोंडात खिळे असल्यामुळे आईला तासभर बोलता यायचं नाही. घरात शांतता हवी असेल तर धंदा वाढवला पाहिजे, असं नाना म्हणायचे, आणि आई तोंडातले खिळे न काढता नुसते डोळे वटारायची.

नानांचा सगळा अभिमान सरळ रेषेत होता. निळीच्या पाण्यात बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये चिमटीत ओढून सोडायची, की भिंतीवर निळी रेघ उमटायची. त्या रेघेवर पट्टी. कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात तिथे सुतारासारखा सांधा. कुणाच्याही घरी गेलो की नाना आधी भिंतीकडे बघायचे, मग माणसांकडे. आई सांगायची की तिला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात तशीच धरून हे दिव्याच्या पट्टीकडे बघत बसले होते, आणि तिच्या वडिलांना वाटलं, मुलगा लाजाळू आहे. "पट्टी वाकडी होती," नाना शांतपणे म्हणायचे. "मुलगी सरळ निघेल असं वाटलं म्हणून हो म्हटलं."

माझं या धंद्यातलं खरं काम मात्र दुपारच्या ठोकाठोकीचं नव्हतं. मला चित्रकलेचं अंग होतं, हात स्वच्छ होता, म्हणून नानांनी काढलेल्या आकृत्या शाईने नीट काढून देणं माझ्याकडे आलं. नाना खोलीच्या मध्यभागी उभे राहायचे, मान वर करून छताकडे बघायचे आणि दिसेल तसं कागदावर काढायचे. खालून वर बघत काढलेलं ते छत. नकाशा असतो वरून खाली बघितलेला, त्यामुळे त्यांच्या आकृतीत डावं ते उजवं व्हायचं. त्यावर मी माझी युक्ती काढली होती. त्यांचा कागद पालथा घालून खिडकीच्या काचेला लावायचा, मागून उजेड आला की रेघा उमटून दिसायच्या, आणि त्यावरून ट्रेसिंग पेपरवर काढायचं. सुलटं होऊन यायचं. पाचवी-सहावीपासून हे करत होते. कागद हातात आला की हात आपोआप तो पालथा घालायचा.

मग कन्सील्ड आलं. कोथरूडच्या शेतांतून सोसायट्या उभ्या राहायला लागल्या आणि फ्लॅट घेणाऱ्यांना भिंतीवर वायर दिसायला नको झाली. पाइप स्लॅबच्या पोटात, भिंतीच्या पोटात, बाहेर नुसतं बटण. नानांना ते सुरुवातीला पटेना. काम दिसणारच नसेल तर चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे लोकांना कळणार कसं, हा त्यांचा प्रश्न होता. पण पट्टीची कामं बघता बघता आटली. आमच्या सतरंजीवरची ठोकाठोक आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आणि एका दिवाळीनंतर बंदच झाली. चाळिशी उलटलेले नाना दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर आठ दिवस नुसते उभे राहून पाइप कसे टाकतात ते बघून आले. आपल्यापेक्षा लहान माणसाला त्यांनी अहो-जाहो करून प्रश्न विचारले. घरी आल्यावर म्हणाले, "काही अवघड नाही. फक्त आता आपण छताच्या वर उभे आहोत, खाली नाही. कुंदे, यापुढे माझा कागद उलटवायचा नाही." मी बरं म्हटलं.

नानांबरोबर तेव्हा गजाभाऊ होते. यवतमाळकडचे, पोटासाठी पुण्यात आलेले, नानांच्या हाताखाली वायरमन झालेले. वयाने नानांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला कमी. स्लॅबच्या दिवशी या दोघांची परीक्षा असायची. आदल्या दिवशी सळयांच्या जाळीत पाइप टाकून झालेले, पंख्यांचे आणि दिव्यांचे डबे साच्याच्या फळ्यांवर बसवून त्यांत ओल्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, म्हणजे आत काँक्रीट शिरू नये. मग सकाळी नारळ फुटायचा, मिक्सर घरघरायला लागायचा आणि घमेल्यांची रांग सुरू व्हायची. ती माणसं घाईत पाइपांवरून चालणार, एखादा सांधा निसटणार. म्हणून इलेक्ट्रिकवाल्याने दिवसभर वर उभं राहून राखण करायची, अशी रीतच होती. नाना एका टोकाला, गजाभाऊ दुसऱ्या टोकाला, आणि दोघांचा "पाय बघून, पाय बघून" असा गजर चाललेला. दुपारी बिल्डरकडून सगळ्यांना भजी आणि जिलबी मिळायची. तरीही आई दोन डबे पाठवायचीच, ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि लसणाची चटणी, कारण जिलबीवर माणूस उन्हात उभा राहू शकत नाही असं तिचं मत होतं.

मला मात्र सगळ्यात आवडायचा तो नंतरचा दिवस, फळ्या काढतात तो. छत उघडं पडायचं, करडं आणि गार. डब्यांची तोंडं सिमेंटच्या पापुद्र्याखाली झाकली गेलेली असायची. गजाभाऊ हातोडीच्या दांड्याने छत वाजवत जायचे, पोकळ आवाज आला की टिचकी मारून पापुद्रा फोडायचे आणि आतून कागदाचा बोळा ओढून काढायचे. नाना तो उलगडून वाचायचे. तीन आठवड्यांपूर्वीची बातमी मोठ्याने वाचून, आपल्या स्लॅबने सगळं पोटात ठेवलं होतं बघा, असं म्हणायचे.

गेल्या महिन्यात मला वाघोलीला एका टॉवरवर बोलावलं होतं. वयामुळे आता मी फक्त सल्ला द्यायला जाते. तिथे भिंतीसुद्धा ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, त्यामुळे स्लॅबचे आणि भिंतीचे सगळे पाइप काँक्रीट ओतण्याआधीच टाकायचे. एका मुलाने टॅबवर मला आख्खा मजला फिरवून दाखवला, वरून, खालून, बाजूने. "मॅम, पाइप कशाशी क्लॅश होत असेल तर सॉफ्टवेअर रेड दाखवतं," तो म्हणाला. फार हुशार मुलगा. मी म्हटलं, छान आहे. पण बोट लावून त्याने तो मजला उलटा केला तेव्हा मी तो लगेच सुलटा करायला लावला, आणि ते का, हे त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यासाठी एका सोसायटीची गोष्ट सांगायला हवी. नानांचं ते पहिलं मोठं कन्सील्ड काम. दोन इमारती होत्या, आणि पहिली नीट झाली तर दुसरी नानांनाच, असं तोंडी ठरलं होतं. साइटवर आगाशे म्हणून इंजिनिअर होते. सडसडीत, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं आणि प्रत्येक वाक्याला धार. ड्रॉइंग शाईत पाहिजे म्हणून त्यांचा आग्रह, आणि नानांनी पहिल्याच भेटीत अभिमानाने सांगून टाकलं की ड्रॉइंग माझी मुलगी काढते. आगाशे म्हणाले, अस्सं, म्हणजे स्वयंपाक झाल्यावर का? नाना हसले. मला घरी येऊन सांगितलं तेव्हाही हसत होते, पण दोनदा सांगितलं.

माझी बारावी झाली होती. मला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. घरात यावर एकमत नव्हतं. मामाने माझ्यासाठी लोणी काळभोरचं एक स्थळ आणलं होतं, ऊस आणि विहिरीसकट, आणि आईला ते पसंत होतं. मुलगी शिडीवर चढून काय करणार, हा मामाचा प्रश्न होता. नानांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, की हिची ड्रॉइंग या इमारतीला पास झाली, तर हिला कुणी अडवायचं कारण राहणार नाही. म्हणजे माझी परीक्षा तीच होती. फॉर्म आणून मी उशीखाली ठेवला होता.

दोन स्लॅब सुरेख झाले. तिसऱ्याच्या वेळी फ्लॅट घेणाऱ्याच्या सांगण्यावरून एका फ्लॅटमधली बेडरूम आणि स्वयंपाकघर यांची अदलाबदल करायचं ठरलं. नानांनी वर फळ्यांवर उभं राहूनच नवी आकृती काढली, सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर, आणि गजाभाऊंबरोबर दुपारी माझ्याकडे पाठवली. पाइप दुसऱ्या दिवशी टाकायचे होते. नानांना त्या दिवशी मीटरच्या कामासाठी सरकारी ऑफिसात हजर राहायचं होतं, म्हणून पाइप गजाभाऊ माझ्या ट्रेसिंगवरून टाकणार होते. मी उत्साहात होते. रेडिओ चालू होता, आई शेंगदाणे भाजत होती, घरभर खमंग वास सुटला होता. त्या दुपारी मी गुणगुणत कागद पालथा घातला, काचेला लावला आणि अर्ध्या तासात ट्रेसिंग तयार केलं. अक्षरं सुलटी लिहिली, शाई वाळवली. आईला दाखवलं. ती म्हणाली, किती स्वच्छ काढलंस ग.

नाना संध्याकाळी साइटवर पोचले तेव्हा पाइप टाकून झाले होते. त्यांनी प्रत्येक सांधा हाताने चाचपला, प्रत्येक डब्यातला बोळा बोटाने दाबून बघितला. डबा कुठे आहे हे बघायचं त्यांच्या मनात आलं नाही. खोल्यांमधली भिंत तेव्हा नव्हतीच, ती नंतर उभी राहणार होती, त्यामुळे नुसत्या फळ्यांवर काही खटकण्यासारखं दिसतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्लॅब पडला.

तीन आठवड्यांनी फळ्या निघाल्या, आणि आणखी काही दिवसांनी मधली भिंत कमरेपर्यंत आली. त्या दिवशी जेवणाचे डबे घेऊन मीच गेले होते. आत शिरले तर आगाशे, नाना आणि गजाभाऊ तिघंही मान वर करून उभे होते. गवंडी थांबले होते. पंख्याचा हुक स्वयंपाकघराच्या बाजूला आला होता, तोसुद्धा भिंतीपासून हातभर अंतरावर, म्हणजे पातं फिरलं असतं तर भिंतीला घासलं असतं. आणि बेडरूमच्या छताला नुसता दिव्याचा डबा.

"नाना, स्वयंपाकघराला पंखा कशासाठी?" आगाशे म्हणाले. "पापड वाळवायचे आहेत का?"

गवंड्यांपैकी कुणीतरी हसलं. नानांनी गजाभाऊंच्या हातातलं ट्रेसिंग घेतलं, बघितलं, आणि पुन्हा छताकडे बघितलं. मला वाटतं त्याच क्षणी त्यांना कळलं. मला कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम ती दुपार, काच, माझा पालथा घातलेला कागद, सगळं आठवलं आणि मी हातातले डबे खाली ठेवले.

आगाशेंनी माझ्याकडे पाहिलं. "मुलीच्या हातचं ड्रॉइंग म्हणजे व्हायचंच," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. मी तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. पण त्याआधी नाना बोलले.

"ड्रॉइंग बरोबर आहे, साहेब. कागद मी उलटा धरला. मी सांगितलं तसं गजाने टाकलं."

गजाभाऊंनी मान खाली घातली. त्या दिवशी पाइप टाकून होईपर्यंत नाना वर आलेच नव्हते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आगाशे म्हणाले, वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला कागदाची वरची बाजू कुठली हे कळत नसेल, तर दुसऱ्या इमारतीचा मला विचार करावा लागेल. नाना म्हणाले, करा. मी उघडलेलं तोंड मिटलं. आजवर मी पुष्कळ गोष्टी केल्या आणि काही चुकलेही, पण मिटलेल्या त्या तोंडाची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

घरी येऊन मी पोत्याच्या कागदावरची आकृती शोधली. शंकेला जागाच नव्हती. नाना संध्याकाळी आले, तेव्हा आई आंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटवत होती. मी आकृती त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, नाना, हे मी केलं. रडत होते, नीट बोलताही येत नव्हतं. त्यांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि बंबाच्या तोंडात सारला. जाळ मोठा झाला. आईने विचारलं, काय होतं ते? "रद्दी," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?"

मी म्हटलं, मी उद्या आगाशेसाहेबांना खरं सांगते. तेव्हा मात्र ते चिडले. "तुझं आत्ता एक ड्रॉइंग चुकलंय. ते त्यांनी एकदा धरलं की पुढची शंभर चुकलेली धरतील. माझं काय, मला लोक ओळखतात. माझी एक चूक खपते." एवढंच बोलून ते आंघोळीला गेले.

पण ती खपली नाही. पुढच्या रविवारी नाना आणि गजाभाऊंनी स्लॅबला आरपार भोक पाडून बेडरूममध्ये नवा हुक बसवला, आणि तिथपर्यंत वायर नेण्यासाठी छतावरून पट्टी मारली. बाकी आख्ख्या इमारतीत एक इंच वायर दिसत नव्हती. दुसरी इमारत दुसऱ्याला गेली. नाना पुन्हा छोटी कामं करायला लागले, मोटर, मीटर, दुरुस्ती. मी डिप्लोमा केला. मामाने आणलेलं स्थळ उसासकट दुसरीकडे गेलं. पुढे माझं स्वतःचं लायसन्स झालं, आणि आईने त्यावरही फूल ठेवायला सुरुवात केली.

नानांची गोष्ट मात्र पुण्याच्या इलेक्ट्रिकवाल्यांत पसरली, आणि अशी गोष्ट पसरली की मग ती माणसापेक्षा मोठी होते. दुकानात वायर घ्यायला गेले की मालक म्हणायचा, नाना, बंडल सुलटं धरलंय ना? लग्नात पंगतीला बसले की कुणी पत्रावळ फिरवून ठेवायचं. नाना सगळ्यांबरोबर हसायचे. त्या गोष्टीत ते स्वतःच भर घालायचे, पापडांची वगैरे. मी शेजारी असले तर मीही हसायचे. एकदा रिक्षातून येताना मी म्हटलं, नाना, आता तरी सांगू दे ना. त्यांनी बाहेर बघत उत्तर दिलं, की आता एवढी चांगली जमलेली गोष्ट बिघडवू नकोस.

नाना गेले त्याच्या तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. आगाशेही आले होते, काठी टेकत, शर्ट तसाच पांढरा. बोलता बोलता पंख्याची गोष्ट निघालीच. कुणीतरी ती रंगवून सांगितली, लोक डोळे पुसता पुसता हसले. मला ते सहन झालं नाही. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कागद नानांनी उलटा धरला नव्हता. मी उलटवला होता. ड्रॉइंग माझं चुकलं होतं."

मग मामा हळूच म्हणाला, बस, बाळ, बस. एका मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आगाशेंनी मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याला धार नव्हती. "मुलगी असावी तर अशी," ते म्हणाले. "बाप गेल्यावरसुद्धा त्याची चूक अंगावर घेते."

मी पुन्हा सांगायला गेले, पण आतून पानं मांडल्याचा निरोप आला आणि माणसं उठली. दाराशी गजाभाऊ उभे होते, पार थकलेले, टोपी हातात धरून. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "जाऊ द्या, ताई. तुमचं कोणी ऐकनार नाही आता. नानांनं लई पक्कं काम करून ठेवलं."